नुसता कंडक्टर : डीन डिक्सन

'कंडक्टर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहतो. खांद्याला चामडी पिशवी, पूर्वी हातात तिकिटांचा पंच आणि आता मशीन, गर्दीतून वाट काढत 'पुढे सरका' म्हणणारा बेस्टचा नाहीतर एस.टी.चा कंडक्टर. आपल्या घराघरांत या कामावर राबलेली माणसे आहेत. पण या वेळी आम्ही ज्या कंडक्टरची ओळख करून देत आहोत त्याचे काम निराळे. त्याच्या हातात वीतभर लांबीची पांढरी काडी असे आणि त्या काडीच्या इशाऱ्यावर शंभर वादक वाजवीत. त्याचे नाव डीन डिक्सन. न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीत जन्मलेला हा माणूस आपल्या विद्येच्या बळावर जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे उभा राहिला. मात्र त्यासाठी त्याला स्वतःचा देश सोडावा लागला आणि एकवीस वर्षे परत तिकडे फिरकता आले नाही. हे असे का झाले, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे असे आम्हांला वाटते.

शंभर हात आणि एक काडी

आधी हे काम काय असते ते पाहू. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे जयंतीच्या नाहीतर गणपतीच्या मंडपात सिनेमाची गाणी सादर करणारा संच. युरोप-अमेरिकेत सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे ऐंशी ते शंभर वादकांचा ताफा. त्यात चार घराणी असतात म्हणा ना. पहिले तारवाद्यांचे : व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि माणसाहून उंच असा डबल बास. दुसरे बासरी, क्लॅरिनेट अशा फुंकवाद्यांचे. तिसरे ट्रंपेट, ट्रॉम्बोन अशा पितळी वाद्यांचे. ही वाद्ये आपल्याला लग्नाच्या ब्रास बँडमुळे माहीत आहेत. आणि चौथे ढोल, झांजा वगैरे ठोकवाद्यांचे.

या संगीतात मनाला येईल तसे वाजवायचे नसते. संगीतकाराने प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर कागदावर लिहून ठेवलेला असतो. वादकाच्या पुढ्यात फक्त त्याच्या वाद्यापुरते पान असते. शेजारी काय वाजणार आहे, ते त्या पानावर नसते. सगळ्या वाद्यांचे सूर एकाखाली एक लिहिलेले जाड पुस्तक फक्त एका माणसापुढे असते. तो कंडक्टर. उजव्या हातातल्या काडीने तो लय दाखवतो. डाव्या हाताने कोणी हळू व्हायचे, कोणी चढायचे, कोणी आत यायचे ते सांगतो. कार्यक्रमात तो एक शब्दही बोलत नाही आणि एक सूरही वाजवत नाही. त्याचे खरे काम आधीच्या तालमींत झालेले असते. तिथे तो थांबवतो, चुका दाखवतो, तोच भाग पुन्हा वाजवून घेतो. वीस-तीस वर्षे वाजवलेल्या बुजुर्ग वादकालाही त्याचे ऐकावे लागते.

ऑपेराच्या कंडक्टरचे काम याहून अवघड. ऑपेरा म्हणजे सगळे संवाद गाऊन केलेले नाटक. रंगमंचापुढच्या खळग्यात वाद्यवृंद बसतो, वर नट गातात, आणि दोघांना एका लयीत बांधून ठेवतो तो कंडक्टर. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता यांचे नाव वाचकांनी ऐकले असेल. १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे ते न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. ते हेच काम.

आता यातली मेख लक्षात घ्या. गाणाऱ्याजवळ गळा असतो. व्हायोलिन वाजवणाऱ्याजवळ व्हायोलिन असते. दुनियेने दार लावून घेतले तरी तो आपल्या खोलीत बसून रियाज करू शकतो, रस्त्यावर उभा राहून वाजवू शकतो. कंडक्टरचे वाद्य म्हणजे समोर बसलेली माणसे. ती माणसे कोणी त्याच्या हाती दिलीच नाहीत तर त्याची विद्या असून नसल्यासारखी. शिवाय हे काम हुकूम देण्याचे आहे. काळ्या माणसाने गावे, नाचावे, वाजवावे, यावर अमेरिकेतला गोरा समाज खूष होता. त्याच्या गाण्यावर टाळ्या पडत, त्याच्या रेकॉर्डी खपत. पण शंभर गोऱ्या वादकांपुढे उभे राहून त्याने 'हे चुकले, पुन्हा वाजवा' म्हणावे, ही गोष्ट त्या समाजाच्या घशाखाली उतरत नव्हती. आपल्याकडच्या गावगाड्यात वाजंत्री कोणी वाजवायची हे ठरलेले होते आणि वरातीत घोड्यावर कोणी बसायचे नाही हेही ठरलेले होते. तेव्हा ही रीत वाचकांना फार समजावून सांगण्याची गरज नाही.

हार्लेममधला मुलगा

चार्ल्स डीन डिक्सन यांचा जन्म १० जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या भागात झाला. आईवडील कॅरिबियन बेटांवरून पोट भरायला अमेरिकेत आलेले. दक्षिणेतल्या राज्यांतून आणि बेटांवरून आलेली हजारो काळी कुटुंबे त्या काळात हार्लेममध्ये स्थिरावत होती. या भागाला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. डीनचा जन्म झाला त्या वेळी आपले बाबासाहेब याच विद्यापीठात शिकत होते. १९१३ ते १९१६ हा त्यांचा तिथला काळ. पुढे चोवीस वर्षांनी, १९३९ मध्ये, हार्लेमच्या या मुलाने त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून एम.ए. केले.

डीनला घडवले ते त्याच्या आईने. मुलगा साडेतीन वर्षांचा असतानाच तिने त्याच्या हातात व्हायोलिन दिले. बोट धरून ती त्याला कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात संगीत ऐकायला घेऊन जाई. त्या मंचावर त्याच्या रंगाचा माणूस दिसत नसे. तरीही आपल्या मुलाने हे ऐकले पाहिजे, असे त्या माउलीने ठरवले होते. शाळेतल्या संगीतशिक्षकांनीही मुलाचा गुण ओळखला. १९३२ मध्ये, सतराव्या वर्षी, डीनला ज्युलियार्ड या अमेरिकेतल्या अव्वल संगीतशाळेत प्रवेश मिळाला. १९३६ मध्ये त्याने तिथली पदवी घेतली आणि पुढे अल्बर्ट स्टोसेल यांच्याकडे कंडक्टिंगचे उच्च शिक्षण पूर्ण केले. एका हाताने ज्युलियार्डचे शिक्षण आणि दुसऱ्या हाताने कोलंबियाचे, असा हा मुलगा एकाच वेळी दोन ठिकाणी शिकत होता.

एक व्हायोलिन आणि एक पियानो

शिक्षण चालले होते, पण हाताखाली वाजवणारी माणसे कुठून आणायची? ज्युलियार्डमध्ये पाऊल टाकले त्याच वर्षी या सतरा वर्षांच्या पोराने हार्लेमच्या वाय.एम.सी.ए.मध्ये स्वतःचा वाद्यवृंद सुरू केला. सुरू केला म्हणजे काय, तर एक व्हायोलिन आणि एक पियानो. दोनच वाद्ये! तो काळ महामंदीचा. अमेरिकेत लाखो कामगार बेकार झालेले, आणि हार्लेमच्या वाट्याला तर बेकारी सर्वांत आधी आलेली. स्वरलिपीचे कागद विकत घेण्यासाठी हा मुलगा आपल्या दुपारच्या जेवणाचे पैसे वाचवीत असे, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे.

पण दोनाचे चार झाले, चाराचे दहा झाले. कोणी शाळकरी पोर, कोणी वयस्क गृहस्थ, कोणी काळा, कोणी गोरा. ज्याला वाजवायची हौस आहे आणि शिकायची तयारी आहे तो आला. पुढे हार्लेममधल्या बायांनी एकत्र येऊन एक समिती केली आणि या वाद्यवृंदाच्या पैशाअडक्याची जबाबदारी उचलली. पाहता पाहता त्यात सत्तर वादक झाले. ज्याला कोणी वाद्यवृंद देत नव्हते, त्याने आपल्या वस्तीतच तो उभा केला.

या बायांकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. थोर माणसांच्या चरित्रांत अशा बाया एका ओळीत संपतात. पण १९४१ मध्ये या समितीच्या धडपडीतूनच न्यूयॉर्कच्या हेक्शर थिएटरमध्ये डिक्सन यांचा कार्यक्रम झाला. त्याला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांचा पाठिंबा मिळाला. त्या कार्यक्रमाला एन.बी.सी. या रेडिओ कंपनीच्या संगीत विभागाचे प्रमुख सॅम्युएल चोत्झिनॉफ होते. त्यांनी डिक्सन यांचे काम पाहिले आणि एन.बी.सी.च्या सिम्फनी ऑर्केस्ट्रापुढे उभे राहण्याचे निमंत्रण दिले. हा वाद्यवृंद आर्तुरो तोस्कानिनी या जगद्विख्यात इटालियन कंडक्टरसाठी उभारलेला. त्यातला एकेक वादक निवडून घेतलेला. अशांच्या पुढे सव्वीस वर्षांचा काळा तरुण उभा राहिला आणि देशभर रेडिओवर लोकांनी त्याचे संगीत ऐकले. रेडिओवर रंग दिसत नाही, फक्त सूर ऐकू येतात.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९४१ मध्ये, न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकने लुइसन स्टेडियममधल्या उन्हाळी कार्यक्रमासाठी त्यांना बोलावले. हा वाद्यवृंद १८४२ साली स्थापन झालेला. शंभरीला एक वर्ष कमी असताना त्याच्यापुढे प्रथमच एक काळा कंडक्टर उभा राहिला. त्याआधी, १९३६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदापुढे विल्यम ग्रँट स्टिल हे काळे संगीतकार उभे राहिले होते, पण ते स्वतःच्या रचना वाजवून घेण्यासाठी. डिक्सन यांचा धंदाच कंडक्टरचा होता. दोन वर्षांनी फिलाडेल्फियाच्या नामांकित वाद्यवृंदानेही त्यांना बोलावले.

पाहुणा, पण घरचा नाही

आता कुणालाही वाटेल की गाडी रुळावर आली. तसे झाले नाही. डिक्सन यांना बोलावणी येत ती पाहुणा म्हणून. एक संध्याकाळ, दोन संध्याकाळी. टाळ्या पडत, वर्तमानपत्रांत स्तुती छापून येई. पण कोणत्याही मोठ्या वाद्यवृंदाने 'आमचे प्रमुख व्हा' असे म्हटले नाही. कंडक्टरची जागा ही वाद्यवृंदातली सर्वांत वरची जागा. तो कोणते संगीत वाजवायचे ते ठरवतो, वादक निवडण्यात त्याचा शब्द असतो, देणगीदार शेठ-सावकारांच्या मेजवान्यांना तो वाद्यवृंदाचा चेहरा म्हणून जातो. त्या जागेवर काळा माणूस नको होता. पाहुण्याला एक दिवस पाटावर बसवणे वेगळे आणि घराच्या किल्ल्या देणे वेगळे.

डिक्सन हात जोडून बसले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी अमेरिकन यूथ ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात सर्व वंशांची तरुण मुले-मुली एकत्र वाजवीत. लहान मुलांसाठी त्यांनी केलेले कार्यक्रम विशेष गाजले. हे संगीत श्रीमंतांच्या सभागृहांतच कोंडून का ठेवायचे, ते साध्या माणसांच्या मुलांनाही कळले पाहिजे, असा त्यांचा ध्यास. तरुणांना संगीताकडे वळवल्याबद्दल अमेरिकेतल्या संगीतकारांच्या संस्थेने त्यांचा गौरव केला. अमेरिकन संगीतकारांच्या रचना पुढे आणल्याबद्दल १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातर्फे दिला जाणारा डिटसन पुरस्कारही त्यांना मिळाला.

पदव्या झाल्या, पुरस्कार झाले, नाव झाले. नोकरी मात्र नव्हती. वाचकहो, 'लायकी वाढवा, मग संधी आपोआप मिळेल' हा उपदेश आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. डिक्सन यांच्यापाशी ज्युलियार्डची विद्या होती, कोलंबियाची पदवी होती, देशातल्या पहिल्या प्रतीच्या वाद्यवृंदांपुढे सिद्ध केलेले काम होते. तरीही चौतिसाव्या वर्षी त्यांच्या हाती कायमचे काम नव्हते. उणीव त्यांच्या लायकीत नव्हती, समोरच्यांच्या नजरेत होती.

१९४९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय रेडिओच्या वाद्यवृंदाचे निमंत्रण आले आणि डिक्सन यांनी अमेरिका सोडली.

परमुलखात मिळालेली खुर्ची

परदेशात त्यांच्यासाठी कोणी पायघड्या घालून ठेवल्या नव्हत्या. पहिली काही वर्षे गावोगावी पाहुणा कंडक्टर म्हणूनच फिरावे लागले. १९५० आणि १९५१ मध्ये त्यांनी इस्रायलच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम केले. स्कँडिनेव्हियातल्या देशांत काम केले. त्या काळात युरोपातल्या श्रोत्यांना अमेरिकन संगीतकारांची फारशी ओळख नव्हती. ती डिक्सन यांनी करून दिली. वर उल्लेख केलेल्या विल्यम ग्रँट स्टिल यांच्या रचनाही त्यांनी तिकडे वाजवल्या. ज्या देशाने त्यांना जागा दिली नाही, त्या देशाचे संगीत ते परमुलखात वाजवीत फिरले.

शेवटी १९५३ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांना आपला प्रमुख कंडक्टर नेमले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिली कायमची खुर्ची! १९६० पर्यंत ते तिथे होते. १९६१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट येथील रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांना प्रमुख केले, आणि तिथे ते १९७४ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे राहिले.

इथे क्षणभर थांबून विचार करावा. हा जर्मनी देश. १९४५ पर्यंत तिथे हिटलरचे राज्य होते. वंशाच्या शुद्धतेच्या नावाखाली लाखो निरपराध ज्यूंची कत्तल त्या राजवटीने केली. काळ्यांनाही ती हीन समजत असे. ती राजवट कोसळल्यानंतर सोळा वर्षांनी त्याच देशातल्या सार्वजनिक रेडिओचा वाद्यवृंद एका काळ्या माणसाच्या हाती सोपवला गेला. आणि त्याच १९६१ मध्ये, लोकशाहीचा झेंडा मिरवणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिण भागात, काळा-गोरा एका बसमध्ये शेजारी बसले म्हणून स्वातंत्र्ययात्रींना मार खावा लागत होता. युरोपात वर्णद्वेष नव्हता असे आमचे म्हणणे नाही. पण माणसाची रीत निसर्गाने ठरवून दिलेली नसते. जिथे ती बदलायची असे ठरते तिथे सोळा वर्षांतही बदलू शकते, हे यावरून दिसते.

फ्रँकफर्टचे काम सांभाळून १९६४ ते १९६७ या काळात ते ऑस्ट्रेलियातल्या सिडनी सिम्फनी ऑर्केस्ट्राचेही प्रमुख होते. १९६८ मध्ये मेक्सिको शहरात ऑलिंपिक भरले, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी केले. त्याच ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन काळ्या धावपटूंनी पदक स्वीकारताना मूठ वर उचलून निषेध केला होता. ते छायाचित्र आजही जगभर ओळखले जाते. एका शहरात, एकाच सोहळ्यात, कोणी मूठ उचलली आणि कोणी काडी. आम्हांला या दोन्ही हातांचे मोल सारखेच वाटते.

तीन पायऱ्या

आपल्या कारकिर्दीच्या तीन पायऱ्या डिक्सन स्वतः सांगत. सुरुवातीला लोक म्हणत, 'काळा अमेरिकन कंडक्टर डीन डिक्सन'. कामाची बोलावणी येऊ लागली तेव्हा म्हणू लागले, 'अमेरिकन कंडक्टर डीन डिक्सन'. आणि जेव्हा पुरते स्वीकारले गेले तेव्हा राहिले फक्त, 'कंडक्टर डीन डिक्सन'.

दोन विशेषणे गळायला किती वर्षे लागली पाहा! यात डिक्सन यांना आपल्या रंगाची लाज होती असे मुळीच नाही. तसे असते तर हार्लेममध्येच त्यांनी वाद्यवृंद का उभा केला असता? त्यांचा मुद्दा निराळा होता. गोऱ्या कंडक्टरच्या नावामागे 'गोरा' असे कोणी लावत नाही. त्याचे काम पाहतात, चांगले की वाईट ते ठरवतात. काळ्याचे काम पाहण्याआधी रंग पाहतात. चांगले केले तर 'काळा असून चांगले करतो' म्हणतात आणि चुकले तर 'काळ्याकडून आणखी काय होणार' म्हणतात. आपल्यातल्या लेखकांना, कवींना, अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना हा अनुभव नवा नाही. आपली ओळख आपण अभिमानाने सांगावी. पण दुसऱ्याने ती आपल्या कामाच्या आड आणली, तर 'आधी माझे काम पाहा' असे ठणकावून सांगण्याचा हक्क आपल्याला आहे.

एकवीस वर्षांनी

१९७० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकने डिक्सन यांना बोलावले. एकवीस वर्षांनी त्यांनी मायदेशात पुन्हा काडी हातात घेतली. शहरातल्या बागांमध्ये हे कार्यक्रम झाले. तिकीट नाही, गवतावर बसून कोणीही ऐकावे. त्यांतल्या एका कार्यक्रमाला सुमारे ७५,००० लोक जमले होते. गेले तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते, आले तेव्हा पंचावन्न. मधली वर्षे म्हणजे कंडक्टरच्या उमेदीची वर्षे. ती स्वीडनला मिळाली, जर्मनीला मिळाली, ऑस्ट्रेलियाला मिळाली. न्यूयॉर्कला मिळाली नाहीत. वर्णद्वेष करणारा समाज स्वतःचेच किती नुकसान करून घेतो, त्याचा हा हिशेब.

त्यानंतर पिट्सबर्ग, सेंट लुईस येथील वाद्यवृंदांनीही त्यांना पाहुणा म्हणून बोलावले. एप्रिल १९७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी मायदेशातला शेवटचा कार्यक्रम केला. मात्र अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या वाद्यवृंदाचे प्रमुखपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील त्सुग या गावी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मागून आलेले

डिक्सन यांच्याच पिढीतले दुसरे नाव एव्हरेट ली यांचे. जन्म १९१६. तेही व्हायोलिनवादक. १९४७ मध्ये त्यांनीही न्यूयॉर्कमध्ये काळ्या-गोऱ्यांचा आणि स्त्री-पुरुषांचा मिळून स्वतःचा वाद्यवृंद काढला. एप्रिल १९५५ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरात त्यांनी व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेराचे संचालन केले. एवढ्या मोठ्या ऑपेरा कंपनीत काळा कंडक्टर ही तोवर न घडलेली गोष्ट होती. पण त्यांनाही पुढे युरोप गाठावा लागला. स्वीडनमधल्या नॉरशॉपिंग शहराच्या वाद्यवृंदाचे ते १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे प्रमुख होते. १०५ वर्षांचे दीर्घ आयुष्य जगून जानेवारी २०२२ मध्ये स्वीडनमध्येच ते वारले.

तिसरे हेन्री लुईस. जन्म १९३२, लॉस एंजेलिस. सोळाव्या वर्षी ते तिथल्या वाद्यवृंदात डबल बास वाजवू लागले. पुढे तिथेच सहायक कंडक्टर झाले, आणि त्या काळात, १९६२ मध्ये, झुबिन मेहता त्या वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणून आले. १९६८ मध्ये न्यू जर्सी सिम्फनीने लुईस यांना प्रमुख नेमले. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाचे प्रमुखपद काळ्या माणसाला मिळण्याची ती पहिली वेळ.

याच लुईस यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'ला बोएम' या ऑपेराचे संचालन केले. मेट्रोपॉलिटन म्हणजे अमेरिकेतला सर्वांत मानाचा ऑपेरा. तिथे काळ्या गायिकेला पहिल्यांदा प्रमुख भूमिकेत गायला मिळाले ते जानेवारी १९५५ मध्ये, मरियन अँडरसन यांना, तेही त्यांच्या वयाच्या पन्नाशीच्या घरात. आणि काळ्या कंडक्टरला उभे राहायला मिळाले १९७२ मध्ये. गाण्याची परवानगी मिळाल्यानंतर सांगण्याची परवानगी मिळायला आणखी सतरा वर्षे लागली. आम्ही सुरुवातीला जे म्हटले ते या दोन सनांत मावते.

पुढे अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी एक चांगली रीत सुरू केली. नवा वादक निवडताना त्याला पडद्याआड बसवून वाजवायला सांगतात. परीक्षकाला माणूस दिसत नाही, फक्त सूर ऐकू येतो. यामुळे बायकांना वाद्यवृंदांत पुष्कळ जागा मिळाल्या. काळ्यांची संख्या मात्र फारशी वाढली नाही. २०१४ च्या एका पाहणीत अमेरिकन वाद्यवृंदांत काळे वादक शंभरात दोनसुद्धा नव्हते. कारण उघड आहे. पडद्यापर्यंत पोहोचायला लहानपणापासून महागडे वाद्य लागते, शिक्षक लागतो, घरात सराव करायला जागा लागते. आणि कंडक्टरला तर पडदाही नाही. त्याला सर्वांच्या डोळ्यांसमोरच उभे राहावे लागते. म्हणून तिथे परीक्षा उमेदवाराची असते तितकीच बघणाऱ्यांचीही.

आपल्या घरी

शेवटी आमच्या वाचक माता-पित्यांना दोन शब्द. आपल्या चाळींत, वसाहतींत सुराची जाण असलेली मुले कमी नाहीत. कुणाचा पोरगा पथकात कीबोर्ड वाजवतो, कुणाची मुलगी ऐकता ऐकता गाणे उचलते. 'अभ्यास सोडून हे काय' म्हणून त्यांना दटावू नका. डिक्सन यांनी संगीत केले आणि एम.ए.ही केले. मुलाला नुसते कानाने वाजवायला न लावता स्वरलिपी वाचायलाही शिकवा. ज्याला ती वाचता येते त्याच्यापुढे साऱ्या जगाचे संगीत उघडते. मग तो दुसऱ्याने सांगितलेले वाजवणाराच राहत नाही, पुढे उभे राहून सांगणाराही होऊ शकतो.

आणि मुलीला आधी शिकवा. हार्लेमच्या बायांनी दुसऱ्याच्या मुलासाठी पैसे गोळा केले, सभागृह मिळवले, थोरामोठ्यांना बोलावून आणले. आपल्या महिला मंडळांनी वस्तीतल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या शिकवणीची फी वाटून घ्यायचे ठरवले, तर ते अशक्य आहे का? पन्नास घरांनी महिन्याला थोडे थोडे काढले तरी एक वाद्य येते आणि एक शिक्षक येतो. सत्तर माणसे पहिल्या दिवशी कुणालाच मिळत नाहीत. हार्लेममध्येही पहिल्या दिवशी दोघेच होते.